बुलेटचा कर्कश आवाज मऊ करायचा असेल तर: जाळी, ग्लासवूल आणि गोव्याची खारी हवा

गेल्या वर्षी चवथीच्या महिनाभर आधी मी जुनी बुलेट घेतली. २०१४ची क्लासिक ३५०, कार्बोरेटरवाली. आधीच्या मालकाने तिला बाजारातला लाँग बॉटल सायलेन्सर चढवला होता आणि आतली जाळी, म्हणजे आवाज कमी करणारी छिद्रांची सुटी नळी, काढून टाकली होती. दिवसा हमरस्त्यावर तो आवाज मला आवडायचा, हे खरं. पण माझी दुसरी पाळी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत रात्री अकराला सुटते आणि डिचोलीजवळच्या आमच्या वाड्यावर पोचायला पावणेबारा होतात. वाड्याची वाट दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाते. तिथे आवाज कोंडतो आणि दुप्पट होऊन घराघरांत शिरतो. शेजारच्या काकींची लेक तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. एक दिवस काकी एवढंच म्हणाल्या, "बाळ दचकून उठतं रे. मग दोन-दोन तास झोपत नाही." त्या रागावल्या नाहीत, म्हणूनच मला ते जास्त लागलं.

त्यानंतर दोन महिने मी या सायलेन्सरच्या मागे होतो. एका गॅरेजवाल्याने पैसे घेऊन काम बिघडवलं, आणि एकदा ते मी स्वतः बिघडवलं. गाडीचा ठेका राहावा पण फाटका कर्कशपणा जावा, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे. लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, गोल्डस्टार, मेगाफोन अशा सुटी जाळी बसणाऱ्या कुठल्याही सायलेन्सरला हीच पद्धत लागू पडते. तुमची गाडी एप्रिल २०२०नंतरची, बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) असेल तर मात्र हात लावू नका. तिच्या एक्झॉस्टमध्ये धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. तिथे कापाकापी केली की प्रदूषण वाढतं आणि इंजिनाचं गणितही बिघडतं.

१. आधी कायद्याचं बघा

हे नीट वाचा, कारण गॅरेजात कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीत परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजासाठी कलम १९०(२) आहे. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय लायसन्स तीन महिने बाद.

म्हणजे बाजारातला सायलेन्सर तुम्ही कितीही मऊ केला तरी कागदोपत्री तो बदलच राहतो. जाळी बसवल्याने शेजाऱ्यांची झोप वाचते, दंड वाचेलच असं नाही. पोलिसाशी वाद घालताना "आवाज कमी केलाय" हे उत्तर पुरत नाही.

म्हणून पहिला सल्ला हाच: कंपनीचा सायलेन्सर मिळतोय का बघा. नवा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवणारी मंडळी मूळचा बहुधा गॅरेजात टाकून जातात किंवा स्वस्तात विकतात. फोंडा, म्हापसा, मडगाव इथल्या दोन-चार गॅरेजात सांगून ठेवा, महिन्या-दोन महिन्यांत काहीतरी हाती लागतं. मॉडेल आणि वर्ष जुळवून घ्या. मला तो मिळाला, पण चार महिन्यांनी. तोपर्यंत रोज रात्री त्या वाटेने घरी यायचंच होतं, म्हणून पुढचं सगळं केलं. त्यातली गळती शोधण्याची पायरी नंतर कंपनीचा सायलेन्सर बसवतानाही कामी आली.

गाडीत आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स असू द्या. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते. भाड्याच्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या गाडीला स्क्रूड्रायव्हरसुद्धा लावू नका. ती दुसऱ्याची आहे.

२. कुठला आवाज घालवायचा ते ठरवा

हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. गाडी ९०० आरपीएमवर (मिनिटाला ९०० फेऱ्या) आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता सुरू असेल तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ४५०, म्हणजे सेकंदाला साडेसात ठोके. बुलेटचा "डग डग" म्हणतात तो हा. त्या ठोक्यांवर दुसरा एक आवाज तरंगत असतो, पत्रा फाटल्यासारखा, उंच पट्टीतला. कानाला टोचतो तो हाच.

दोघांची औषधं वेगळी आहेत. उंच पट्टीचा आवाज ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, खातं. छिद्रांच्या नळीभोवती गुंडाळलेल्या तंतूंमध्ये तो शिरतो आणि तिथेच मुरतो. खोल ठोका ग्लासवूलला दाद देत नाही. त्याला आडवी भिंत किंवा कप्पा लागतो, ज्यावर आपटून तो परत फिरतो आणि स्वतःलाच काही अंशी मारतो. म्हणून गोडवा हवा असेल तर गुंडाळणी, आणि एकूण आवाजच कमी हवा असेल तर अडसर. बहुतेक जण थेट अडसरावर जातात, भोक लहान करून टाकतात आणि मग गाडी ओढत नाही म्हणून तक्रार करतात.

३. लागणारं सामान

- गाडीला लागतील ते रिंग पाने आणि डबल पाने (मला १०, १२, १३, १४ नंबर लागले), अ‍ॅलन की
- गंज सोडवणारा स्प्रे, वायर ब्रश, कॉपर ग्रीस
- बेंड पाइपच्या (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या पाइपच्या) तोंडाची आणि सायलेन्सरच्या जोडाची नवी गॅस्केट, म्हणजे जोडातून गळू न देणाऱ्या चकत्या
- एक्झॉस्टसाठीचं लांब तंतूंचं ग्लासवूल
- बारीक स्टेनलेस वूल किंवा जाळी आणि स्टेनलेस तार
- हातमोजे, लांब बाह्यांचा शर्ट, चष्मा, चांगला मास्क

मास्क आणि चष्मा गंमत म्हणून लिहिलेले नाहीत. ग्लासवूलचे तंतू कातडीत घुसतात, डोळ्यांत आणि छातीत जातात. पहिल्यांदा मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात काम केलं आणि दोन रात्री हात खाजवत होतो. मोकळ्या जागी काम करा. नंतर कपडे वेगळे धुवा.

तीन वस्तू कोणी फुकट दिल्या तरी घेऊ नका. एक, जुन्या गॅरेजात पडलेली अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी, कारण तिची धूळ फुप्फुसांचा कर्करोग करते. दोन, छताखाली घालतात ते ग्लासवूल. त्यातला चिकट द्रव तापल्यावर जळून धूर काढतो आणि मग तंतू सुटे होऊन बाहेर उडतात. तीन, जीआय पाइपचा तुकडा. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळतो आणि तो धूर माणसाला तापाने पाडतो.

४. जाळीला हात लावण्याआधी गळती शोधा

गॅरेजवाल्याने माझे पैसे घेऊन नवी जाळी बसवली आणि आवाज होता तसाच राहिला. कारण आवाज जाळीतून येतच नव्हता. बेंड पाइप इंजिनाला जोडतो तिथलं गॅस्केट गेलं होतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की "फट् फट्" फुटायचं ते त्यामुळेच. गळतीतून बाहेरची हवा आत जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपातच पेटतं.

तपासायची रीत सोपी आहे. सकाळी गाडी थंडगार असताना, अंगणात मोकळ्यावर सुरू करा. पडवीत किंवा बंद शेडमध्ये नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जाड हातमोजा घालून, ओल्या जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबून धरा. सगळे जोड घट्ट असतील तर इंजिन गुदमरून बंद पडायला बघेल. ते निवांत चालत राहिलं आणि कुठून तरी "फुस्स" ऐकू आलं, तर गळती तिथे आहे. जोडावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे नेमकी जागा दाखवतात. पाइप तापायच्या आत हे उरका. जोडाभोवती काजळीचा काळा फराटा दिसत असेल तर तोही पुरावाच.

गॅस्केट नवं घाला, जुनं उलटं करून नव्हे. नट दोन्ही बाजूंनी थोडे-थोडे, आळीपाळीने आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली की फ्लँज (पाइपच्या तोंडाची चपटी कडा) तिरकं बसतं आणि गळती परत सुरू होते. माझ्या गाडीचा निम्मा कर्कशपणा या एका गॅस्केटने गेला.

५. सायलेन्सर उतरवा आणि जाळी काढा

जाळी बहुधा मागच्या टोकाला, खालच्या बाजूने एका बोल्टने किंवा सर्क्लिपने धरलेली असते. गोव्यात तो बोल्ट सहजी सुटत नाही. हवा खारी, वर चार महिने पाऊस. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग सोडवा. थेट सोडवायला जोर लावला तर डोकं तुटतं आणि अर्धा बोल्ट आत राहतो. माझं हेच झालं, आणि तो ड्रिल करून काढण्यात अख्खा रविवार गेला.

सायलेन्सर गाडीवरच ठेवून गॅसच्या ज्योतीने तापवू नका. वर पेट्रोलची टाकी आहे. तो आधी पूर्ण उतरवा, उतरवताना खाली कोणाला तरी धरायला सांगा.

जाळीच नसेल, माझ्यासारखी आधीच्या मालकाने फेकली असेल, तर सायलेन्सरचा आतला व्यास कॅलिपरने मोजून तयार जाळी घ्या. "बुलेटची द्या" म्हणून मागितलीत तर न बसणारी हातात पडेल.

६. जाळी नीट पाहा

वायर ब्रशने काजळी काढा आणि छिद्रं मोजा. हो, मोजा. नळीभोवतीच्या सगळ्या छिद्रांचं क्षेत्रफळ मिळून निदान नळीच्या तोंडाइतकं असावं, नाहीतर गुंडाळलेल्या वूलपर्यंत आवाज पोचतच नाही. हिशेब असा: नळीचा आतला व्यास २८ मिमी असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ६१६ चौ. मिमी. ३ मिमीच्या एका छिद्राचं ७ चौ. मिमीच्या आसपास. म्हणजे किमान ८७-८८ छिद्रं हवीत. स्वस्त जाळ्यांमध्ये तीस-चाळीसच असतात आणि मग "ग्लासवूल घालून काही फरक पडला नाही" असं ऐकू येतं. कमी असतील तर ड्रिलने वाढवा आणि आतली बूर, म्हणजे छिद्राच्या कडेला राहिलेले धातूचे काटे, गोल कानशीने साफ करा. बूर राहिली की तिथे शिटीसारखा आवाज येतो.

छिद्रं जाळीला पाडायची, कंपनीच्या सायलेन्सरला कधीच नाही. जाळी बदलता येते.

७. गुंडाळणी

सगळी मऊपणाची जादू इथे आहे, घाई करू नका.

आधी नळीभोवती स्टेनलेस वूलचा एक पातळ थर. त्याने ग्लासवूलचे तंतू छिद्रांतून उडून जात नाहीत. भांडी घासायची स्टीलची घासणी वापरू नका. तिच्या पट्ट्या जाड आणि तुटक असतात आणि साध्या लोखंडाची असली तर आपल्या हवेत एका पावसाळ्यात तिचा लाल भुगा होतो.

त्यावर ग्लासवूल. पट्टा नळीच्या लांबीपेक्षा थोडा कमी रुंद कापा, दोन्ही टोकांना बोटभर जागा सोडा, म्हणजे तंतू तोंडाशी येऊन लोंबणार नाहीत. किती थर? नळी सायलेन्सरमध्ये हाताच्या दाबाने, थोडं अडत पण न ठोकता जाईल इतके. सैल राहिलं तर वूल हलत राहतं, कुटलं जातं आणि काही आठवड्यांत मागच्या तोंडातून पांढरे धागे बाहेर येतात. फार कोंबलं तर ते दगडासारखं होतं आणि आवाज मुरायला पोकळीच उरत नाही. मी पहिल्यांदा कोंबून भरलं होतं. जाळी बसली घट्ट, पण आवाज उघड्या सायलेन्सरसारखाच. मग निम्मं काढलं आणि त्याच संध्याकाळी फरक कळला.

तीन ठिकाणी स्टेनलेस तार बांधा, टोकं आत दुमडा. आत सरकवताना ज्या दिशेने पट्टा गुंडाळला त्याच दिशेने नळी फिरवत न्या. उलट फिरवली तर पट्टा उलगडून गोळा होतो आणि एका बाजूला फुगवटा येतो. बोल्टला कॉपर ग्रीस लावूनच आवळा.

८. तरी मोठाच वाटला तर अडसर

आठवडाभर गाडी चालवा, मगच ही पायरी. नळीच्या साधारण मध्यावर एक गोल स्टेनलेस चकती आडवी बसवायची, तिला मधोमध भोक. माझ्या २८ मिमी नळीत मी २० मिमीच्या भोकापासून सुरुवात केली आणि १८ला थांबलो. ती आधी दोन टॅकवरच (वेल्डिंगच्या ठिपक्यांवरच) धरा, पूर्ण वेल्ड करू नका, म्हणजे नको वाटली तर काढता येईल. वेल्डिंग जाळी बाहेर काढून, टेबलावर. गाडीला लागलेल्या भागावर वेल्डिंग केल्यास बॅटरी आणि वायरिंग धोक्यात येतं.

भोक अति लहान झालं की गाडी सांगते. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढून बघा. आधी ज्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये जात होतात तिथे दुसरा टाकावा लागला, किंवा इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापायला लागलं, तर भोक मोठं करा. सपाट रस्त्यावर हे कळत नाही.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. आधीच्या मालकाने उघड्या सायलेन्सरसाठी कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) वाढवला असू शकतो. जाळी बसली की तोच जेट जास्त पेट्रोल सोडतो. दहा-वीस किलोमीटर फिरून स्पार्क प्लग काढून बघा. फिकट विटकरी रंग ठीक. काळी सुकी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, मूळ नंबरचा जेट परत घाला. पांढुरका पडला असेल तर पेट्रोल कमी किंवा कुठेतरी हवेची गळती राहिली आहे.

९. मोजा, पण दोन जागांवरून

फोनवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप खरा आकडा देत नाही. आधी आणि नंतर यातला फरक मात्र चांगला दाखवतं. इंजिन गरम, आरपीएम तेच, फोन सायलेन्सरच्या तोंडाच्या उंचीवर, त्यापासून ५० सेंमी दूर, तिरका ४५ अंशांत. दर वेळी तसाच. माझ्या फोनवर सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यात ९ डेसिबलचा फरक आला. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज जवळजवळ अर्धा वाटतो, म्हणजे ९ काही थोडे नाहीत.

१७५ सीसीवरच्या मोटारसायकलींसाठी ८० डेसिबलची मर्यादा ऐकून काही जण फोनच्या आकड्याची तिच्याशी तुलना करतात. ती मर्यादा नवी गाडी मंजूर करताना, चालत्या गाडीपासून काही मीटर अंतरावर घेतलेल्या मापाची आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या फोनशी तिचा संबंध नाही. मनात ठेवायचा आकडा दुसराच: ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबल आहे.

दुसरी जागा अ‍ॅपपेक्षा महत्त्वाची. गाडीवर बसून आवाज ठरवू नका, तुम्ही त्याच्या पुढे असता आणि तो मागे जातो. मी भावाला गाडी दिली आणि स्वतः काकींच्या सोप्यावर जाऊन बसलो. त्याने वाटेच्या टोकापासून घरापर्यंत दोनदा आणली, एकदा जाळीविना, एकदा जाळीसकट. पहिल्यांदा सोप्यावरच्या काचेच्या कपाटातली भांडी किणकिणली. दुसऱ्यांदा गाडी गडग्याशी येईपर्यंत आतला पंखा ऐकू येत होता. काकी बाहेर आल्या, बाळ त्यांच्या खांद्यावर झोपलेलं होतं.

१०. पहिला धूर आणि पुढचा पावसाळा

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत पांढरा धूर आणि जळका वास येईल. वूलवरचं तेल आणि हातांचा ओशटपणा जळतो. तेवढा वेळ मोकळ्यावर उभे राहा. ५०० किलोमीटरनंतर सगळे नट परत एकदा आवळून बघा.

सायलेन्सरच्या पोटाखाली बारीक भोक दिसेल. ते गळकं समजून बुजवू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. सायलेन्सर पूर्ण तापला तर ती उडून जाते. नाक्यावर दूध आणायला जाऊन आलात तर ती आतच थंड होऊन पाणी होते, आणि त्या भोकातूनच ते निघतं. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी वीसेक मिनिटं सलग गाडी चालवा आणि धुताना पाइपाचं पाणी मागच्या तोंडात मारू नका. भिजलेलं वूल आवाज खात नाही आणि सायलेन्सर आतून कुजवतं.

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की तो एक बोल्ट सोडवून जाळी बाहेर काढा. वूल अजून फुगीर असेल तर तेच परत घाला. काळं पडून, चिकटून, दाबल्यावर न उसळणारं झालं असेल तर नवा पट्टा कापा.